नांदरीचा धूर, कोळथ्याची चमक

राज्यातलं जंगल चुलींत जळून उजाड व्हायला लागलं, तेव्हा चंद्रभान महाराजांनी नांदरी आणि कोळथे या दोन परगण्यांत पितळी आरशांच्या सूर्यचुली वाटल्या. उन्हात ठेवा, लाकडावाचून भात शिजवा! वर्षानं दोन्ही देशमुखांना दरबारात बोलावलं.

"नांदरीत पाचशे चुली, महाराज!" रायाजी देशमुखांनी मिशीला पीळ दिला.

"कोळथ्यात दीडशेच," दुसरे देशमुख खालमानेनं म्हणाले.

महाराज रायाजींना शाबासकी देणार, तोच घोंगड्या विकायला आलेली धनगराची मायाक्का दाराशी फिसकन हसली.

"का गं हसलीस?"

"महाराज, वाटल्या म्हणजे वापरल्या का?"

महाराज भडकले. "मग तूच सांग, खरा पुढे कोण! उद्या दिवस मावळायच्या आत. पण एकाही गावात पाऊल टाकायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. चुकलीस तर तुझ्या मेंढरांना कुरणं बंद!"

मायाक्का मनात म्हणाली, जीभ चालवली खरी, आता मेंढरं उपाशी मरायची! पण दुसऱ्या दिवशी ती सरहद्दीवरचा डोंगर चढली. दोन्ही परगणे खाली वाकळीसारखे पसरलेले. दोन्हीकडचा भात चढून शिजेपर्यंत ती डोळ्यांवर हात धरून बसून राहिली.

दिवस मावळायच्या आत ती दरबारात हजर!

"कोळथे पुढे, महाराज!"

"कुणाला विचारलंस?"

"उन्हाला आन् धुराला! दोन्हीकडच्या दहा-दहा वाड्या निवडल्या. काही जवळच्या, काही लांबच्या. आरसा चमकला की पांढरा खडा, धूर निघाला की काळा. कोळथ्यात दर दहा घरांमागे सहा चमकली. नांदरीत एक!"

"दहाच वाड्या?" रायाजी उसळले. "माझ्याकडे साठ आहेत!"

"देशमुख, भात शिजला का बघायला तुम्ही अख्खा हंडा चेपता?"

सारा दरबार खदखदून हसला. रायाजींची मिशी खाली आली. मग त्यांनीच कबूल केलं, चुली माळ्यावर पडून आहेत.

"भले!" महाराज म्हणाले. "आणि सगळ्यात दाट धूर कुठल्या वाडीचा?"

मायाक्का घुटमळली. "अभय असेल तर सांगते."

"दिलं!"

"तो ना नांदरीचा, ना कोळथ्याचा. तो तुमच्या मुदपाकखान्याचा, महाराज!"

मग महाराज असे हसले की पागोटं कानावर आलं! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं, आणि आचाऱ्याला हाक मारली, "अरे, अंगणात आरसे मांडा!"