टिकलीचं अर्धं गाजर

एक होती टिकली. टिकली म्हणजे इवलासा किडा. काळा काळा, गोल गोल. पोटाखाली पायच पाय. चालायची कशी? लुटुलुटु, लुटुलुटु. घाबरली की स्वतःला गुंडाळून घ्यायची. गुटुक! झाली काळी गोळी.

बालवाडीच्या मागे परसबाग होती. बागेत एक वीट होती. विटेखाली टिकलीचं घर होतं.

आज घरात गडबड होती. संध्याकाळी टिकलीच्या धाकट्या भावाचं बारसं होतं. आईने कढई घासून ठेवली होती. गाजराचा हलवा करायचा होता. पण गाजर कुठे होतं?

गाजर टिकली आणत होती. सशाने एक गाजर उपटलं होतं. अर्धं त्याने खाल्लं. अर्धं टिकलीला दिलं. टिकली ते ढकलत ढकलत निघाली.

तेवढ्यात वारा आला. सुंऽऽऽ! गाजर गडगडलं. गडगड, गडगड, धुप्! थेट मुंग्यांच्या कोठारात पडलं.

कोठाराच्या दारात मुंगळेआजोबा बसले होते. नाकावर चष्मा. शेजारी एक पाटी.

टिकली म्हणाली, "आजोबा, आजोबा, माझं गाजर आत पडलं. द्या ना!"

"किती गाजर?"

"अर्धं."

"अर्धं? छे छे! इथे अर्धंबिर्धं चालत नाही. आता सगळं आकड्यात लागतं. आधी पाटीवर आकडा दिसू दे, मग मी गाजर देईन."

"पण आजोबा, ते बघा ना! तिथेच पडलंय माझं गाजर!"

"मला दिसतंय गं. पण पाटीवर कुठे दिसतंय?"

टिकली गेली पाटीकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"पाटीबाई, पाटीबाई, आकडा दाखव ना!"

"का गं टिकली?"

"आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?"

पाटी म्हणाली, "मी तर कोरी. आधी खडूगुरुजी लिहू देत, मग मी दाखवीन."

टिकली गेली खडूकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. खडू बालवाडीच्या खिडकीखाली पडला होता. अगदी एवढासा उरला होता.

"खडूगुरुजी, खडूगुरुजी, आकडा लिहा ना!"

"का गं टिकली?"

"पाटीबाई आकडा दाखवीना,
आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?"

खडू म्हणाला, "अर्ध्याचा आकडा? तो काढावा लागतो. एक काडी घे. अख्ख्या गाजराएवढी लांब. तिचे दहा तुकडे कर. सगळे सारखे हं! त्यातले तुझ्या अर्ध्यात किती येतात, ते बघू. आधी खेकडेमामा कापू देत, मग मी लिहीन."

टिकलीने गवताची एक काडी घेतली. अख्ख्या गाजराएवढी लांब. काडी पाठीवर घेतली आणि नळाजवळ गेली. लुटुलुटु, लुटुलुटु. नळाखाली ओल होती. तिथे खेकडा बसला होता.

"खेकडेमामा, खेकडेमामा, काडी कापा ना!"

"का गं टिकली?"

"खडूगुरुजी आकडा लिहीनात,
पाटीबाई आकडा दाखवीना,
आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?"

खेकडा म्हणाला, "कापायला काय, आत्ता कापीन. पण मी असा तिरका. माझे तुकडे एक लहान, एक मोठा. आधी उंटअळीमावशी पावलं टाकू दे, मग मी कापीन."

टिकली गेली उंटअळीकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. उंटअळी चालते कशी? पाठीची कमान करते, मग सरळ होते. कमान, सरळ! कमान, सरळ! तिचं प्रत्येक पाऊल सारखं. पण आज ती पेरूच्या झाडाखाली आडवी झाली होती.

"उंटअळीमावशी, उंटअळीमावशी, काडीवर पावलं टाक ना!"

"का गं टिकली?"

"खेकडेमामा काडी कापीनात,
खडूगुरुजी आकडा लिहीनात,
पाटीबाई आकडा दाखवीना,
आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?"

उंटअळी म्हणाली, "माझ्या पोटात कावळे ओरडतायत बाई. कमान कशी करू? आधी पेरूकाका पान देऊ देत, मग मी पावलं टाकीन."

टिकलीने मान वर केली. पेरूचं झाड उंच होतं.

"पेरूकाका, पेरूकाका, एक पान द्या ना!"

"का गं टिकली?"

"उंटअळीमावशी पावलं टाकीना,
खेकडेमामा काडी कापीनात,
खडूगुरुजी आकडा लिहीनात,
पाटीबाई आकडा दाखवीना,
आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?"

पेरू म्हणाला, "मी उभा तो उभाच. माझं पान आपोआप पडत नाही. आधी वारा येऊ दे, मग मी पान देईन."

आधी, आधी, आधी! टिकलीचे सगळे पाय दुखले. ऊन उतरायला लागलं. घरी कढई रिकामीच होती.

टिकली गेली वाऱ्याकडे. वारा कुंपणावर लोळत होता.

"ए वाऱ्या! पेरूकाकांना हलव!"

"का गं टिकली?"

"पेरूकाका पान देईनात,
उंटअळीमावशी पावलं टाकीना,
खेकडेमामा काडी कापीनात,
खडूगुरुजी आकडा लिहीनात,
पाटीबाई आकडा दाखवीना,
आजोबा गाजर देईनात,
मग बारशाला हलवा कसा होणार?
आणि गाजर लोटलं कोणी? तू!"

"ते गाजर होतं?" वारा म्हणाला. "मला वाटलं, चेंडू आहे."

वारा 'आधी' म्हणाला नाही. वारा 'मग' म्हणाला नाही. वारा उठला. सुंऽऽऽ!

पेरू हलला. सळसळ, सळसळ. एक पान पडलं. टप्!

उंटअळीने पान खाल्लं. कुरुम, कुरुम. मग ती काडीवर चढली. कमान, सरळ! कमान, सरळ! या टोकापासून त्या टोकापर्यंत. बरोबर दहा पावलं झाली. पावलापावलाला तिने खूण केली.

खेकड्याने खुणांवर कापलं. कट्! कट्! कट्! काडीचे दहा तुकडे झाले. सगळे सारखे.

टिकलीने तुकडे वाटले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मग इकडचे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच!

"पाच!" टिकली ओरडली. "गुरुजी, दहातले पाच!"

खडू पाटीवर चढला. "अख्खं गाजर एकही नाही. म्हणून शून्य." खर्रर्र! ०

"मग टिंब. आणि दहातले पाच, म्हणून पाच." खर्रर्र! ५

पण खडूची सवय जुनी. आधी सगळं लिहायचं. टिंबं मागून द्यायची. त्याने टिंब द्यायला टोक टेकवलं आणि… फुस्स! खडू संपला. पांढरा भुगा झाला.

पाटीवर काय राहिलं? ०५

पाटीने ते दाखवलं. मुंगळेआजोबांनी चष्मा पुसला.

"शून्य पाच. म्हणजे पाच. अरे, पाच गाजरं आणा रे!"

मुंग्या धावल्या. तुरुतुरु, तुरुतुरु. गाजरं आली. धप्! धप्! धप्! धप्! धप्! टिकलीपुढे डोंगर झाला. टिकली घाबरली. गुटुक! झाली काळी गोळी.

मग गोळीतून एक डोळा बाहेर आला. कोठाराच्या दारात मुंग्यांची पिल्लं उभी होती. पिल्लं गाजरांकडे बघत होती. ती गाजरं त्यांची होती.

टिकली उलगडली. "आजोबा, पाच नाही. अर्धं."

"पाटीवर पाच आहे. मोठ्यांशी वाद घालू नये."

"आजोबा, मधलं टिंब राहिलंय!"

"कुठे आहे टिंब? मला तर दिसत नाही."

"दिसत नाही ना? थांबा!"

टिकली पाटीवर चढली. लुटुलुटु, लुटुलुटु. शून्याच्या पुढे गेली. पाचाच्या अलीकडे थांबली. अगदी खाली, मधोमध बसली. या वेळी ती घाबरली नव्हती. तरी तिने स्वतःला गुंडाळून घेतलं.

गुटुक!

०.५

आजोबांनी चष्मा वर केला. चष्मा खाली केला.

"शून्य, टिंब, पाच. अगं, हे तर अर्धं!"

टिंब म्हणालं, "मी मघापासून तेच सांगतेय!"

मुंग्या हसल्या. पाटी हसली. आजोबांच्या मिशा हलल्या. तेसुद्धा हसले. पाच गाजरं परत आत गेली. अर्धं गाजर बाहेर आलं. आजोबांनी स्वतः ते ढकललं. थेट विटेपर्यंत.

संध्याकाळी कढई चढली. चर्रर्र! हलवा झाला. सगळे बारशाला आले. पाळणा हलवायला वारा आला. पण हळूच हं. आत्याने बाळाच्या कानात केलं, "कुर्रर्र!" आणि नाव ठेवलं टिंबू.

मग पंगत बसली. टिकली वाढायला आली.

"आजोबा, हलवा किती वाढू?"

"अर्धी वाटी, बाळ."

टिकली थांबली. कमरेवर हात ठेवले. तिला हात खूप. सगळेच ठेवले.

"अर्धी? छे छे! इथे अर्धंबिर्धं चालत नाही. आधी पाटीवर आकडा दिसू दे!"

आजोबा चष्मा सावरून पाटी शोधायला लागले. टिंबू पाळण्यात खिदळला. टिकलीने मात्र वाटी पुढे केली. वाटीत हलवा होता. बरोबर अर्धी वाटी. वर एक बेदाणा.

आजोबांनी हलवा खाल्ला. मुंग्यांनी कढई चाटली. पाळणा थांबला, वारा निजला. आता आपणही गुंडाळून घेऊ या. गुटुक!