गुलब्या बैलाची जुनी पिकअप

जनावरं स्वतःच गाड्या हाकायची, तेव्हाची गोष्ट. गुलब्या बैलानं जन्मात पहिल्यांदा गाडी घेतली, जुनी पिकअप. लगेच तिला रंग दिला, गोंडे बांधले, मोठा भोंगा बसवला. बैलाची अक्कल तेवढीच! उद्या कांदे भरून घाट उतरायचा होता.

पिकअप खेकसली, "अरे शहाण्या, माझे ब्रेक लागत नाहीत. दोघंही दरीत जाऊ."

"एवढी नटवली, तरी कुरकुर?"

"पोळ्याला तुला झूल घालायच्या आधी काय करायचे रे?"

बैल थबकला. "आदल्या दिवशी खांद्यांना लोणी-हळद चोळायचे. जू ओढून सोललेले असायचे ना."

"मग?"

बैलानं भोंगा दुकानात परत केला, ब्रेकचे नवे लायनर आणले आणि गाडीखाली शिरला.

"बाई," तो म्हणाला, "अजून कुठं दुखतंय?"