सुलसेला जे सांगायचे होते

मिथिला नगरीवर राजा विजितसेनाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने वैद्यांच्या कुळात जन्म घेतला होता आणि त्याचे नाव नंदिय होते. पण ही गोष्ट खरी म्हणजे त्याच नगरातल्या सुनेत्र राजवैद्याची आहे.

ते पद राजाने आधी नंदियालाच देऊ केले होते. अट एकच, रोज शंभर रोगी तपासायचे. "माणसाचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय माझ्यानं औषध देववत नाही, महाराज," असे म्हणून नंदिय आपल्या पडवीत परत गेला. सुनेत्राचे मात्र नशीब उघडले. तो डोळे मिटून नाडीवर बोटे ठेवी आणि रोग्याने तोंड उघडायच्या आत रोग सांगून मोकळा होई. कोणी बोलू लागलेच तर म्हणे, "तुमचं राहू द्या, नाडी बोलतेय ना!" लोक नुसते बघायला गर्दी करीत. एकीकडे खलबत्त्यात औषधे कुटली जात, दुसरीकडे वाहवा चाले. दहातली आठ निदाने बरोबर येत, हेही कबूल केले पाहिजे. तिथेच तर घात झाला.

त्याची एकुलती एक लेक सुलसा एका दुपारी लंगडत त्या गर्दीतून आत आली. "बाबा, मी गोठ्यात वैरण टाकायला गेले होते ना, तिथं..." एवढे ती म्हणते तोवर बापाने तिचा हात धरून डोळे मिटलेसुद्धा. मनात तो पुढे बसलेल्या नगरश्रेष्ठीला काय सांगायचे ते जुळवीत होता.

"ऊन लागलंय तुला. धण्याचं पाणी पी आणि पड जरा."

आठवड्याने ती पुन्हा आली. "मान आखडलीय, बाबा. जबडाही दुखतो. त्या दिवशी गोठ्यात..."

"वात आहे, बाळ. आईकडून तेल चोळून घे."

राजवैद्याची लेकसुद्धा रांगेत, म्हणून लोक हसले. सुलसाही कसनुसे हसली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची दातखीळ बसली. अंग धनुष्यासारखे ताणून वाकू लागले. सुनेत्राने नाडी पाहिली, पुन्हा पाहिली. नाडी सैरावैरा धावत होती, पण कशाने ते काही केल्या कळेना. "अगं, काय झालं होतं? सांग ना ग!" तो तिचा खांदा हलवून ओरडू लागला. त्याच्या प्रत्येक हाकेसरशी तिला आचका येई. बाप तो, काळजाचे पाणी झाले त्याच्या. शेवटी अभिमान गिळून त्याने नंदियाला बोलावणे धाडले.

नंदियाने येताच आधी खलबत्ते थांबवले, माणसे बाहेर घालवली, दार लोटून घेतले. मग तिच्या उशाशी बसून तो हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, मला काही घाई नाही. मी विचारतो. बरोबर असेल तर डोळे मिट." आणि तो एकेक विचारत राहिला. पडलीस? काही चावलं? काही रुतलं? सुलसेने डोळे मिटले. हाताला? पायाला? तिने पुन्हा मिटले. तळव्याला गंजक्या खिळ्याची जखम होती, वरून भरून आलेली आणि आत काळी पडलेली.

"उपाय सांगा," सुनेत्र म्हणाला.

नंदियाने खोटा धीर दिला नाही. "त्याच दिवशी जखम उघडून, धुऊन डागली असती तर आशा होती. आता तिला शांत पडू द्यायचं, एवढंच आपल्या हाती आहे."

सुनेत्राची बायको भद्रा भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "दोन्ही वेळा पोर हेच सांगायला आली होती. मी दारातच होते. एवढे मोठे वैद्य तुम्ही, म्हणून मीही गप्प बसले."

तिसऱ्या दिवशी सुलसा गेली. तोवर सुनेत्र तिच्याजवळून हलला नाही. आता त्याला ऐकायचे होते, आणि ती बोलू शकत नव्हती.

जेतवनात भिक्षूंना ही हकिगत सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका भिक्षूकडे वळले. मग ते म्हणाले, "त्या जन्मी नंदिय मी होतो. सुनेत्र म्हणजे कुंडल भिक्षू, तू. आणि सुलसा म्हणजे आज सकाळी जिला अर्ध्या वाक्यावर थांबवून तू उपदेश केलास, ती कुंभारीण. काय सांगायला आली होती ती?"

कुंडलाचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नाही, भंते."

"दुसऱ्याचे बोलणे धीराने, शेवटपर्यंत ऐकणे हीही क्षांतीच, सहनशीलताच आहे," शास्ते म्हणाले.

कुंडल उठला आणि झपाझप कुंभारवाड्याकडे निघाला.