पुसणार कोण?

फार जुन्या रानातली गोष्ट. साळुंकीला रात्रभर झोप लागली नाही. आदल्या दिवशी तिचं पिल्लू सगळ्यांदेखत म्हणालं होतं, "होलाकाकांनी माझी गुंज चोरली." आणि गुंज तर घरट्यातच सापडली!

पूर्वी रानातल्या बातम्या एकटा पोपट सांगायचा, त्याला आवडतील तेवढ्याच. कंटाळून चार पाखरांनी नवी रीत काढली. मुखिया नाही, एकाचं बोलणं सगळ्यांनी कायमचं पाठ करायचं. लाल गुंजांची देवघेवही तशीच तोंडपाठ. आता पिल्लाचं ते वाक्यही सगळ्यांना पाठ, म्हणून होल्याशी कुणी व्यवहार करीना.

सकाळी साळुंकीने सुतारपक्ष्याला विचारलं, "भाऊजी, एवढं एक वाक्य पुसता नाही का येणार?"

"वहिनी, मालकच नाही, तर पुसणार कोण? उद्या मी तुमची गुंज घेऊन नाही म्हणालो, तर हे सगळ्यांचं पाठांतरच कामी येईल."

तेही खरंच. ही रीत आधी उचलून धरली होती साळुंकीनेच, शिकलेली ना!

"आई, मी आत्ता बोललेलंही सगळे कायमचं पाठ करतील?" पिल्लाने विचारलं.

"हो रे बाबा! म्हणून तर गप्प बस."

पिल्लू तुरुतुरु फांदीच्या टोकाला गेलं आणि ओरडलं, "होलाकाका, मी खोटं बोललो! सगळ्यांनी हेही पाठ करा!"