सोळा शेरांचा लाभ

त्या दिवशी घाटात धुकं असं उतरलं होतं की रस्त्याकडेला उभं आहे ते माणूस आहे का झाडाचं खोड, हे हात लावल्याशिवाय कळू नये. पौष महिना. वारा नव्हता, पण गारठा असा की श्वास घेतला की छातीत सुई गेल्यासारखी व्हावी. अशा दिवशी शहाण्यानं शेकोटी सोडू नये. पण घाटमाथ्यावरच्या देवीची जत्रा त्याच दिवशी होती, आणि जत्रेच्या सकाळी मोटारींची शर्यत व्हायची ती व्हायचीच.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगायची तर आधी चार महिने मागं जायला हवं.

त्या घाटाच्या पायथ्याशी एका बाजारगावात एक मापारी राहत होता. बाजारात धान्य मोजायचं त्याचं काम. हात इतका बसलेला की गोणीला नुसता पंजा लावून शेर सांगायचा, आणि मग तराजूत घातली तर पावशेराचाही फरक निघायचा नाही. मोजताना मापारी लोक ‘एक’ म्हणत नाहीत. पहिलं माप पडलं की म्हणतात ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. आणि ते पहिलं माप शिगोशीग भरायचं, कारण लाभ उणा नसावा. तीस वर्षं तो असाच मोजत आला होता.

घरात तो आणि मापारीण, दोघंच. मूलबाळ नव्हतं. मापारणीला दमा होता. थंडी पडली की तिची छाती जुन्या भात्यासारखी वाजायची. तिचं माहेर घाटमाथ्यावर, पण हा दमा मागं लागल्यापासून सात वर्षं तिला घाट चढता आला नव्हता. म्हणून उतारवयात मापाऱ्यानं एक मोटार घेतली. छोटीशी, लाल, दोनच माणसांची, पण पाय लावला की सशासारखी उडायची. दर बाजाराच्या सुट्टीला दोघं त्या गाडीतून घाट चढायची. मापारीण भावाच्या अंगणात बसायची, वहिनीच्या हातचं पिठलं खायची, आणि संध्याकाळच्या आत दोघं खाली यायची. येताना ती काही ना काही बोलत राहायची आणि तो नुसता ऐकत राहायचा. तेवढं सुख त्यांना पुरत होतं.

एकदा काय झालं, बाजारात एक आडत्या होता, त्याच्या काळ्या मोठ्या मोटारीनं लागोपाठ पाच वर्षं शर्यत जिंकली होती. मापाऱ्याची गाडी बघून तो चार लोकांत म्हणाला, “मापारीबुवा, ही गाडी आहे का कुंकवाचा करंडा? देव्हाऱ्यात ठेवा. उगाच रस्त्यावर सांडेल.”

लोक हसले. मापारीही हसला. पण घरी जाईपर्यंत तो करंडा काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचं मोजलं होतं. त्याच्यापाशी काय आहे, हे आजवर कुणी मोजलं नव्हतं, आणि मोजलं तेव्हा हे असं. त्यानं मनाशी ठरवलं, औंदा शर्यतीत उतरायचं.

दुसऱ्या दिवशी तो नदीपलीकडच्या मिस्त्रीकडं गेला. गाडी जोरात पळायला हवी, आधी काय करावं, असं त्यानं विचारलं. मिस्त्री म्हातारा होता, घाईचा नव्हता. त्यानं बॉनेट उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, “इंजिनाला इतक्यात हात नको. गाडी म्हणजे पैलवान. खुराक वाढवायच्या आधी चरबी उतरवायची. नको असलेलं थोडं वजन काढा. मग चाकं चांगली घाला, ब्रेक बघा. धुराची नळी मोकळी करायची ती सगळ्यात शेवटी. आणि एक ऐका, एका वेळी एकच काम करा. केलं की आठ दिवस चालवा. गाडी काय म्हणते ते ऐका. मग पुढचं.”

बाकीचं मापाऱ्यानं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. वजन हा एक शब्द तेवढा मनात रुतला. कारण तो त्याचा स्वतःचा शब्द होता.

घरी येऊन त्यानं अंगणात तराजू टांगला आणि गाडीभोवती फिरायला लागला. पहिलं काय काढावं? डिकीतलं जादा चाक, हत्यारांची पेटी, पायाखालचा काथ्या, हे तर होतंच. पण ते सगळं मिळून दहा शेरही भरेना. पहिलं माप म्हणजे लाभ. तो शिगोशीग हवा. मग त्याची नजर गाडीतल्या दुसऱ्या आसनावर गेली. लोखंडी सांगाडा, आत स्प्रिंगा, वर जाड कातडं. चार बोल्ट सोडवले आणि आसन बाहेर आलं. तराजूत घातलं, तर बरोबर सोळा शेर.

“लाभ,” मापारी म्हणाला.

मापारीण दारात उभी होती. तिनं विचारलं, “अहो, आणि मी कुठं बसू?”

“शर्यतीत एकच माणूस बसतो, अगं. जत्रा झाली की परत बसवीन. चार बोल्टांचं तर काम आहे.”

“जत्रेला चार महिने आहेत,” ती म्हणाली. त्यानं ते चार बोल्ट फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले.

आसन पडवीत ठेवलं गेलं. मापारीण त्यावर बसून तांदूळ निवडायची. नवरा अंगणात गाडीखाली शिरलेला असला की ती तिथूनच विचारायची, “घाट लागला का हो?” पहिल्यांदा दोघंही हसली. पुढं पुढं तीच एकटी हसायची. मग तिनं विचारायचं सोडलं.

सोळा शेर उतरल्यावर गाडी खरंच हलकी पळायला लागली. मापाऱ्यानं घाट चढून बघितला, तर चांगली दोन पळं वाचली. बस, तिथंच घात झाला. मिस्त्री म्हणाला होता त्याप्रमाणं आता चाकांकडं वळायचं, तर याचा हात तराजूवरून सुटेना. दोन म्हणून टप काढला. तीन म्हणून दरवाजे काढले. चार म्हणून, जिथं आसन होतं तिथला तळाचा पत्राच कापून टाकला. आता गाडीत बसलं की शेजारी खाली रस्ता पळताना दिसायचा. मिस्त्रीनं एकदा येऊन हे बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला की थोडं सांगितलं होतं, एवढं नाही, आता थांबा. मापारी हो म्हणाला आणि थांबला नाही.

या चार महिन्यांत मापारीण एकदाही माहेरी गेली नाही. भावानं दोनदा निरोप धाडला. जत्रेनंतर येते, असं तिनं कळवलं. थंडी वाढली तशी तिची छाती वाजायला लागली. मापाऱ्याला ते ऐकू येत होतं. पण घरात जेवतानासुद्धा त्याचं मन कुठल्या खिळ्यात किती गुंजा वजन आहे तिकडंच असायचं.

आणि मग तो धुक्याचा दिवस उजाडला. मापारी तांबडं फुटताच गाडी घेऊन गेला. जाताना बायकोला म्हणाला, तू घरीच थांब, बाहेर निघू नको, दुपारपर्यंत मी येतोच. तिनं मान डोलावली.

शेजारी एक बुरूड राहायचा. टोपल्या, सुपं विणून पोट भरणारा. तो अंगणात बांबू चिरत बसला होता. त्याला मापारीण काठी टेकत घाटाच्या रस्त्याला लागलेली दिसली. एवढ्या गारठ्यात कुठं, म्हणून त्यानं हटकलं. बैलगाडी मागून आणतो, घटकाभर थांबा, असंही म्हणाला. पण तेवढा धीर तिला नव्हता. ती म्हणाली, “ते पहिले आले, तर तिथं घरचं कुणी उभं नको का, भाऊ? जाईन बसत बसत.”

शर्यतीत गाड्या एकेक करून सोडायचे. ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला. मापाऱ्याची पाळी आली आणि लाल गाडी धुक्यात घुसली. हलकी इतकी की वळणावर चाकं उचलली जायची. अर्ध्या घाटात, खिंडीच्या वळणावर, कठड्यापाशी कुणीतरी घोंगडीत गुंडाळलेलं दिसलं. त्या माणसानं हात वर केला. असेल कुणी वाटसरू, बसवून ने म्हणत असेल, असं मापाऱ्याला वाटलं. आणि बसवायला जागा होती कुठं? त्यानं पाय आणखी दाबला.

तो पहिला आला. आडत्याच्या गाडीला चांगलं मागं टाकून पहिला. लोकांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. आडत्यानंच पुढं होऊन त्याला मिठी मारली. तेवढ्यात गर्दीतून मेहुणा आला आणि म्हणाला, ताई कुठं आहे? वाटेवर भेटलेल्या एका धनगरानं सांगितलं, ती पायी निघालीय म्हणून.

मापाऱ्याच्या डोळ्यांपुढं तो वर केलेला हात आला. तो कुणाशी न बोलता गाडीत बसला आणि खाली सुटला.

मापारीण खिंडीच्या वळणावरच होती. कठड्याला टेकून बसली होती. ओठ निळे पडले होते आणि एकेक श्वास विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होती. नवऱ्याचा फेटा बघून तिचे डोळे हसले.

“मी हात केला होता,” ती म्हणाली.

“मला वाटलं कुणी वाटसरू आहे.”

“बरं झालं, थांबला नाहीत. वेळ गेला असता.”

वैद्य खाली गावात, तिथून दीड कोस. मापाऱ्यानं तिला उचलून गाडीपाशी नेलं आणि मग तो तसाच उभा राहिला. शेजारी आसन नव्हतं. खाली पत्रासुद्धा नव्हता, नुसता रस्ता दिसत होता. आपल्या जागेवर तिला बसवावं, तर गाडी हाकणार कोण? वर जाऊन आडत्याची मोठी गाडी आणावी म्हणून तो वळला, तर तिनं त्याचं बोट धरलं. म्हणाली, “मला इथं एकटी ठेवू नका हो.”

पंचक्रोशीत सगळ्यात जोरात पळणारी गाडी तिथं रस्त्यावर उभी राहिली, आणि मापारी बायकोला पाठीवर घेऊन चालत घाट उतरायला लागला.

पाठीवर घेतल्याबरोबर त्याच्या अंगाला तिचं वजन कळलं. न कळून कसं चालेल, जन्म त्यातच गेला होता. ती मणभरसुद्धा भरत नव्हती. ही कधी एवढी उतरली, तेच त्याला ठाऊक नव्हतं. चार महिने तो गाडीतला एकेक खिळा तोलत होता, आणि घरात हे माणूस रोज शेराशेरानं कमी होत होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “जिंकलात ना?”

“हो.”

“मग झालं.”

त्यानंतर ती बोलली नाही. कानाशी तिचा श्वास तेवढा वाजत होता. मापारी पाय उचलत राहिला. डोक्यावर फेटा तसाच, धुक्यानं भिजून जड झालेला. शेवटच्या वळणावर, गावातली कौलं दिसायला लागली तेव्हा, कानाशी वाजायचं थांबलं. त्याला ते कळलं. पण तो थांबला नाही, जणू पाय चालत राहिले तर ते खरं होणार नाही. वैद्याच्या ओट्यावर त्यानं तिला टेकवलं. वैद्यानं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग हळूच तिच्या छातीवर ठेवून दिलं.

तेरा दिवस गेले. गाडी मेहुण्यानं आणून अंगणात लावली होती. मापारी तिच्याकडं बघत नव्हता, आणि दुसरीकडं कुठं बघावं हेही त्याला कळत नव्हतं. बाजारातून बोलावणी आली, पण त्यानं तराजूला हात लावला नाही. कुणी जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही तर बसून राहायचा.

चौदाव्या दिवशी सकाळी बुरूड आला. जवळ बसला. मग मापाऱ्यानंच विचारलं. आवाज असा की खोल खड्ड्यातून यावा. म्हणाला, “मी मिस्त्रीला विचारलं होतं रे, आधी काय करू म्हणून. विचारूनच केलं. मग माझं चुकलं कुठं?”

आपल्या चिरलेल्या, गाठी पडलेल्या बोटांकडं बुरूड बघत राहिला. मग जे बोलला तेच या गोष्टीचं तात्पर्य समजा, त्याहून वेगळं काढायला जाऊ नका. तो म्हणाला, “दादा, आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, बाबा, टोपलीत ठेवणार काय? भाकरी ठेवायची, शेण उचलायचं, का लेकरू निजवायचं? ते कळल्याबिगर बांबूची पहिली कामटी हातात धरत नाही. तुम्ही गाडी फार नामी केली. पण पहिला प्रश्न मिस्त्रीला नव्हता विचारायचा. तो वैनींना विचारायचा होता.”