धुळीचा विटाळ

कुणाचा जीव गेला तरी चालेल, पण यांच्या अंगाला धूळ लागता कामा नये!

फार पूर्वी, आटत चाललेल्या तळ्यातल्या मासोळ्यांना "ढग होऊन येतो" असं वचन देऊन वाफा आभाळात चढल्या. वर गारठा होता, धुळीचे कणही तरंगत होते. त्यांच्यावर बसलं की थेंब होणार, थेंबांचा ढग होणार. पण थोरल्या वाफा अंग चोरून उभ्या!

"काकू, बसा ना!" धाकटी वाफ वैतागली. "खाली मासोळ्या तडफडताहेत."

"धुळीवर? तिचं कूळ काय, गाव काय? स्वच्छ जागा मिळेपर्यंत थांबू."

धाकटी चिडून एका धूलिकणाला बिलगली आणि थेंब झाली. पण एकट्या थेंबाचा ढग कसा व्हायचा?

शेजारून घार चालली होती. ती म्हणाली, "मी तळ्याकडेच निघालेय. मासोळ्यांना काय सांगू, वर सगळ्या सोवळ्यात आहेत म्हणून?"