कोरड्या वाफ्याला छडी

एकदा एक वृद्ध आचार्य सकाळच्या प्रहरी मेथीच्या कोरड्या वाफ्यावर सपासप छड्या मारू लागले. आश्रमातल्या मुलांना शिकवणारा त्यांचा शिष्य ते पाहून धावत आला. म्हातारपणी बुद्धी चळली की काय, अशी शंकाही त्याला चाटून गेली.

आदल्या दिवशी तोही रागावलेलाच होता. आश्रमात मुलांनी पाळीपाळीने पाण्याची दारे धरायची, म्हणजे एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, अशी रीत होती. पाळी नऊ वर्षांच्या तुळसाची होती. पाणी सोडून ती खारीमागे पळाली आणि दोन वाफे फुटून वाहून गेले. शिष्याने तिच्या हातावर छड्या दिल्या. "उद्या वडील न्यायला येतील. गाठोडे बांधून ठेव," असे बजावले.

"मी लक्ष लावते हो, गुरुजी," तुळसा रडत म्हणाली, "पण ते माझ्यापाशी टिकतच नाही."

शिष्याला तो निव्वळ कांगावा वाटला होता.

"आचार्य, हे काय आरंभले आहे?" त्याने विचारले.

"विहिरीत पाणी उदंड आहे, मोटार चालू आहे. तरी हा कोरडाच! आळशी आहे. मारले की भिजेल."

"पण वाफ्याचा काय अपराध? पाट वाळूतून येतो, पाणी वाटेतच जिरते. पाट चिकणमातीने लिंपायला हवा. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

बोलता बोलता त्याची नजर आचार्यांच्या हाताकडे गेली. छडी त्याचीच होती. तो खाली मान घालून उभा राहिला.

आचार्य शांतपणे म्हणाले, "मेंदूतही असे पाट असतात, बाळा. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी रसायने असतात. काही लेकरांत त्यांचे काम पुरे होण्याआधीच ती ओसरतात, असे जाणकार सांगतात. मग मन एका जागी ठरत नाही. त्यात पोरीचा हट्ट नसतो आणि आईबापाच्या वळणाचाही दोष नसतो. तिला डॉक्टरांना दाखव. औषध हवे की नको ते तेच ठरवतील. तू काम लहान करून दे आणि जवळ उभा राहा. काल ती खरे तेच सांगत होती, तू ऐकले नाहीस."

शिष्याचे डोळे भरून आले.

दुपारी वडील आले. तुळसा गाठोडे घेऊन दारात उभी होती. गुरुजी येताना दिसताच तिने सवयीने तळहात पुढे केला. त्या हातावर अजून वळ होते. शिष्याने त्यावर ओल्या चिकणमातीचा गोळा अलगद ठेवला.

"चल, पाट लिंपू. मी तुझ्या शेजारीच आहे," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "तिला नेऊ नका. उद्या आपण तिघे डॉक्टरांकडे जाऊ."

वडिलांनी गाठोडे उचलून पुन्हा आत नेऊन ठेवले.